बाटलीवर ‘ब्राइटनिंग’ लिहिलंय, पण आत नक्की काय चालतं?

अबोली८४

नमस्कार मंडळी. मुरूम गेले, डाग राहिले. वय ३९. दोन्ही गालांवर तपकिरी ठिपके आहेत, आणि वरच्या ओठावर वांग सुरू झालाय असं पार्लरवाली म्हणाली. (मी आपली इतके दिवस ती मिशी समजून दोरा फिरवून घेत होते.)

सहा महिन्यांत तीन बाटल्या जमल्यात: व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड १० टक्के आणि अल्फा आर्बुटिन २ टक्के. तिन्हींवर ‘ब्राइटनिंग’ लिहिलंय. तिघं एकच काम करतात की वेगवेगळं? आणि ती सी ची बाटली आता कोऱ्या चहाच्या रंगाची झालीय, ती लावू की टाकू? साडेसहाशे रुपये गेलेत हो.

आधीच सांगते, मला गोरं व्हायचं नाहीये. डाग जाऊन माझा होता तो सावळा रंग एकसारखा दिसला तरी पुष्कळ. हे न सांगितलं तर धागा भलतीकडे जाईल.

टवाळ_टोळ

सांगितलं तरी जाणार. चुरमुरे घेऊन बसलोय. (हलके घ्या.)

गवती_चहा

अबोली, चहा टाकून दे. का ते पुढे येईलच.

मी पंधरा वर्षं क्रीमं-लोशनं बनवण्याच्या धंद्यात आहे, अंबरनाथ एमआयडीसीत. कंपनी विचारू नका. डॉक्टर नाही, रसायनवाली आहे, तेव्हा बाटलीतलं मी सांगते आणि चेहऱ्यावरचं डॉक्टर सांगतील.

गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आण. त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात, त्या म्हणजे गुऱ्हाळं. ऊस म्हणजे टायरोसिन हे अमिनो आम्ल. चरक म्हणजे टायरोसिनेज हे विकर. ऊस चरकात जातो, त्याचा डोपा होतो, मग डोपाक्विनोन, आणि आटत आटत शेवटी मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. तयार मेलॅनिनच्या ढेपा बारीक पुड्यांत भरल्या जातात आणि मेलॅनोसाइटच्या लांब हातांवाटे आजूबाजूच्या पेशींना वाटल्या जातात. एक गुऱ्हाळ साधारण ३६ घरांना गूळ पुरवतं. रंगही जुळतोय बघ.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात गुऱ्हाळांची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक ढेपांचा आकार, जात आणि वाटपाचा. आपल्या पुड्या मोठ्या असतात आणि सुट्या सुट्या पसरतात.

मुरूम फुटला, ओरखडा पडला, ऊन लागलं की गुऱ्हाळाला वर्दी जाते: माल वाढवा. डाग म्हणजे त्या वर्दीनंतर पडून राहिलेला जादा माल. ‘ब्राइटनिंग’वाला कुठलाही घटक हा डाग पुसत नाही. तो या साखळीत कुठेतरी खोडा घालतो. कुठे घालतो यावर सगळं आहे.

चरकाच्या पोटात तांब्याचे दोन अणू असतात, त्यांच्यावाचून तो फिरत नाही. कोजिक आम्ल ते तांबंच धरून ठेवतं. जपानी लोक साके आणि मिसो करायला जी बुरशी वापरतात, तिच्यातून १९०७ साली ते निघालं. तुझं आर्बुटिन दिसायला टायरोसिनसारखं. मोळीत घुसवलेला बांबू म्हण, चरकात जाऊन अडकतं आणि खऱ्या उसाला जागा मिळत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिनही चरकापाशीच काम करतं.

व्हिटॅमिन सी एक पायरी पुढे बसतं. चरकातून निघालेल्या डोपाक्विनोनला ते परत डोपा करतं, म्हणजे आटत आलेल्या काहिलीत पुन्हा पाणी ओतायचं. पण हे काम करताना ते स्वतः जळतं. बाटलीत हवा शिरली, उजेड लागला, तरी तेच होतं. पिवळं, मग नारिंगी, मग तुझा कोरा चहा. त्यात आता सी उरलेलं नाही, जळलेला माल आहे. शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरायला पीएच साडेतीनच्या खाली लागतो, म्हणून ते चुरचुरतं. २० टक्क्यांच्या वर नेलं तरी जास्त शिरत नाही, त्यामुळे ‘२५ टक्के’ वाचून भुलू नकोस.

नायसिनामाइडचं मात्र चरकाशी काही भांडणच नाही. माल तयार होऊ दे म्हणतं, फक्त टेम्पो अडवतं. पुड्या शेजारच्या पेशींपर्यंत कमी पोचतात. बहुतेक अभ्यास २ ते ५ टक्क्यांवरचे आहेत. १० टक्के हा आमच्या मार्केटिंगवाल्यांचा आकडा. तेवढ्याने काही जणींचे गाल नुसते लाल होतात.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल त्याहून मागे, वर्दीच्या तारेवर जाऊन बसतं. हे मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध. १९७९ साली जपानात एका डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते घेणाऱ्या रुग्णाचा वांग फिका पडतोय.

मग ग्लायकॉलिक आणि रेटिनॉइड. हे घरोघर पोचलेल्या ढेपा लवकर बाहेर काढतात, म्हणजे वरच्या पेशी झडण्याचा वेग वाढवतात. आणि सनस्क्रीन वर्दीच जाऊ देत नाही.

तेव्हा तुझ्या तिन्ही बाटल्या तीन वेगळ्या ठिकाणी उभ्या आहेत. चुकीचं काही घेतलं नाहीस. सनस्क्रीन मात्र यादीत दिसली नाही.

अबोली८४

सनस्क्रीन… लग्नाला जाताना लावते. 🙈

गुऱ्हाळ एकदम डोक्यात बसलं. वाचनखूण साठवली.

बटमोगरी

मी त्वचारोगतज्ज्ञ, सांगली-मिरज भागात. गवती_चहा यांचं गुऱ्हाळ मी उद्यापासून ओपीडीत वापरणार. आमच्याकडे ऊसवाले पेशंट भरपूर, अर्ध्या मिनिटात कळेल.

दोन गोष्टी जोडते. मुरमाचे डाग आणि वांग एका मापाने मोजू नका. मुरमाच्या डागात वर्दी एकदा आली आणि थांबली, त्यामुळे ते हळूहळू जातात, औषधाने जरा लवकर. वांगात वर्दी देणारा रोज दारात उभा असतो: ऊन, संप्रेरकं, गोळ्या, आनुवंशिकता. तो फिका होतो, दबतो आणि मे महिन्यात परत येतो. ‘कायमचा वांग घालवतो’ म्हणणाऱ्याला आधी पैसे देऊ नका.

दुसरं म्हणजे आपल्या रंगाच्या त्वचेला नुसतं अतिनील नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडही काळवंडवतो. साध्या सनस्क्रीनमधून तो आरपार जातो. म्हणून वांगासाठी रंगीत, टिंटवाली सनस्क्रीन घ्या. तिच्यातलं आयर्न ऑक्साइड उजेड अडवतं. साधी गेरूची माती असते ना, त्याच घराण्यातलं.

आणि किती लावायची, तर तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. डबीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. लोक त्याच्या निम्मीही लावत नाहीत आणि मग म्हणतात ‘डॉक्टर, फरक नाही’.

बारा आठवडे धीर धरा. तळातली पेशी वर येऊन झडायला महिनाभर लागतो, चाळिशीनंतर जास्तच. दहाव्या दिवशी आरशात काय शोधता?

आजीचा_बटवा

एवढी रसायनं कशाला गं पोरींनो. लिंबू, साय, हळद आणि डाळीचं पीठ. आमच्या पिढीला कुठे होते सिरम? माझ्या सासूबाई ऐंशीव्या वर्षी लख्ख होत्या.

बटमोगरी

काकू, साय, हळद आणि पिठाला माझी हरकत नाही. लिंबाला आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, म्हणजे आम्ही दवाखान्यात आम्ल लावून, घड्याळ लावून वरची त्वचा काढतो त्या पीलसारखं काहीतरी तुम्ही मोजमापाशिवाय करताय. शिवाय लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन असतात. ती त्वचेवर राहिली आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे ओघळ राहतात. दर उन्हाळ्यात सरबतवाल्यांचे असे हात बघते.

गवती_चहा

+१. पिठाने तेल-मळ निघतो, म्हणून त्या दिवशी चेहरा उजळ वाटतो. ते खोटं नाही, पण गुऱ्हाळापर्यंत पीठ पोचत नाही. आणि खरखरीत उटणं डागावर चोळू नका. चोळणं हीसुद्धा वर्दीच.

ओहायोवाली

इथे अमेरिकेत पूर्वी हायड्रोक्विनोन २ टक्के दुकानात सहज मिळायचं. २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाही. भारतात आले की आई मेडिकलमधून सहज आणून देते. ते इतकं वाईट आहे का?

बटमोगरी

वाईट नाही, धारदार आहे. वांगावर अजूनही सगळ्यात जास्त अभ्यासलेलं औषध तेच. १९७५ साली क्लिगमन यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं त्रिकूट मांडलं, ते थोडं बदलून आजही वापरतो. पण आठवड्यांच्या हिशोबात, बघत बघत, थांबत थांबत. वर्षानुवर्षं लावणाऱ्यांच्या गालांच्या हाडांवर निळसर-काळा खरबरीत थर चढतो, त्याला ऑक्रोनोसिस म्हणतात, आणि तो घालवणं महाकठीण. दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांमध्ये तो पहिल्यांदा मोठ्या संख्येने दिसला. युरोपात २००१ पासून ते रंग उजळवणाऱ्या प्रसाधनांत बंद आहे. आईंना म्हणावं, जर्दाळू पाठवा, ट्यूब नको.

हिरवी_मिरची

त्या त्रिकुटाबद्दल मी बोलू का? दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मामेबहिणीचं लग्न होतं. पार्लरवाल्या ताईंनी एक पांढरी डबी दिली, झाकणावर नुसता पेनाने ‘रात्री’ असा शब्द. आठव्या दिवशी चेहरा असा काही उतरला की हळदीला सगळ्या बायका मलाच विचारत होत्या. पाच महिने लावली. डबी संपली, ताई गावाला गेलेल्या, म्हणून दहा दिवस लावली नाही. चौथ्या दिवसापासून गाल पेटले. गॅसपुढे पोळ्या करता येईनात. ओला रुमाल तोंडाला लावून एका हाताने पोळी उलटायचे. डाग होते त्याहून काळे झाले, गालावर बारीक लव आली, पुटकुळ्या वेगळ्या. डॉक्टरांनी डबी बघून एकच प्रश्न विचारला, ‘किती महिने?’

सव्वा वर्षाने आता कुठे आरशात बघवतं.

बटमोगरी

मिरची, लिहिलंस ते बरं केलंस. याला आमच्याकडे नावच आहे, टीएसडीएफ, म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, आणि ते नाव भारतातल्याच डॉक्टरांनी दिलं, इतके पेशंट आहेत. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं म्हणून चेहरा आठवड्यात गोरा दिसतो. त्वचा आतून पातळ होत जाते. बंद केलं की वाहिन्या उसळून येतात.

ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यातलं काही वाचलंत तर ते डागाचं क्रीम म्हणून स्वतःहून लावायचं नाही. २०१८ साली सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. देतात. आधीच लावत असाल तर एकदम बंदही करू नका, आधी दाखवा.

गवती_चहा

आणि डबीत स्टेरॉइड नसेल तर पारा असू शकतो. पारा चरकातलं तांबं हुसकावून स्वतः त्या जागी बसतो, म्हणून तोही ‘लागू’ पडतो. फक्त तिथे थांबत नाही, मूत्रपिंडात जातो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याच्या बातम्या होत्या. मुंबईला केईएममध्ये त्यांचं क्रीम तपासलं, त्यात पारा निघाला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरमला तसंच झालं. मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, प्रसाधनांतल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग होती, तीही आता काढून शून्यावर आणायचं ठरलंय. डबीवर घटक छापलेले नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आणि चांदीचा दागिना जवळ ठेवू नका असं सांगितलं, तर डबी तिथेच ठेवून या. पारा दागिन्याला चिकटतो म्हणून ती सूचना असते.

घटक छापलेले असले तर तेही वाचायला शिका. १ टक्क्यापर्यंत ते प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात, त्याखाली कसेही. पुढच्या बाजूला ज्येष्ठमधाची मोठी फांदी काढलेली आणि मागे यादीत तो सुगंधाच्याही नंतर, म्हणजे चिमूट. मी स्वतः ती चिमूट टाकलेली आहे. पगार मिळतो.

पेरूची_फोड

ग्लुटाथायोनच्या ड्रिपबद्दल काय? इकडे पुण्यात प्रत्येक चौकात बोर्ड आहे.

बटमोगरी

नको. गोरेपणासाठी शिरेतून देण्याइतका पुरावा नाही. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच लोकांना सावध केलं होतं. ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्याही मैत्रिणीने दिल्या म्हणून घेऊ नका. रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास विचारल्याशिवाय मी त्या लिहीत नाही.

उंबरठा

सगळं वाचलं. पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आलं, २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. आता ‘ब्राइटनिंग’. पाटी बदलली, दुकान तेच. स्थळांच्या जाहिरातीत अजून ‘गोरी, सुस्वरूप’ असतंच.

टवाळ_टोळ

आला, आला! चुरमुरे संपत आले होते.

अबोली८४

उंबरठा, सहमत, पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना. मी येते तिथे भांडायला.

कोकम_सरबत

जरा अवांतर. आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी बरोब्बर टिकलीएवढा पांढरा गोल झालाय. कोड म्हणून घाबरलोय. तिने कधीच काही ‘ब्राइटनिंग’ लावलं नाही.

गवती_चहा

अवांतर अजिबात नाही, या धाग्याचा अर्धा उलगडा त्या गोलात आहे.

चिकटणाऱ्या टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. नाव विसर, आकार लक्षात ठेव: तेही टायरोसिनसारखं दिसतं. आर्बुटिन चरकात अडकतं म्हटलं ना? ही जात अडकत नाही, चरकातून पिळून निघते आणि निघताना तिचं विष होतं. मग चरक बंद पडत नाही, गुऱ्हाळच जळतं. म्हणून डाग फिका नाही, पांढरा.

हे पहिल्यांदा कळलं तेही असंच. अमेरिकेत १९३९ च्या सुमाराला कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले. रबरी हातमोजे घालत होते तेवढेच. रबर टिकावं म्हणून त्यात हायड्रोक्विनोनचा एक भाऊबंद घातलेला होता. रबरी चपलांच्या पट्ट्याखालीही पांढरे पट्टे आलेले आहेत.

आणि २०१३ साली जपानात एका मोठ्या कंपनीला रोडोडेनॉल घातलेली उजळवणारी क्रीमं बाजारातून परत घ्यावी लागली. हजारो बायकांच्या चेहऱ्या-मानेवर पांढरे चट्टे. सरकारी परवानगी असलेला, नीट तपासलेला घटक होता. त्यालाही चरकानेच विष बनवलं होतं. आमच्या लॅबमध्ये त्या बातमीनंतर दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. टायरोसिनसारखं दिसणारं कुठलंही नवीन रसायन टेबलावर आलं की मी अजून आधी तेच विचारते, हे अडकतं की पिळून निघतं?

बटमोगरी

आईंना टिकली आजपासून बंद, आणि दाखवून घ्या. लवकर पकडलं तर बऱ्याचदा रंग परत येतो. कधी कधी मात्र टिकलीच्या जागेबाहेरही पसरतं, म्हणून थांबू नका.

आजीचा_बटवा

आम्ही मेण लावून वर पिंजर लावायचो. पन्नास वर्षांत काही झालं नाही.

बटमोगरी

काकू, हा गुण तुमचा. फक्त कुंकवातल्या रंगांनी कपाळ काळं पडलेल्याही येतात. खाज आली तर थांबवा.

रच्याकने, अबोली, शिबं माहीत आहेत ना, पाठीवर-छातीवर येणारे फिके चट्टे? ती बुरशी त्वचेवर राहते आणि तिथला रंग उतरतो. तो कशाने उतरतो हे शोधताना १९७०च्या दशकात रोममधल्या संशोधकांच्या हाती अझेलाइक आम्ल लागलं. गहू-जवातही असतं. मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं, आणि जास्त धावणाऱ्या गुऱ्हाळांवरच पडतं, शांत असलेल्यांना फारसं छेडत नाही. गरोदरपणातही आम्ही सहसा देतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा.

अबोली८४

(साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय.)

डॉक्टरांना दाखवलं. रात्री अझेलाइक, सकाळी ५ टक्के नायसिनामाइड, वर टिंटवाली सनस्क्रीन. सी टाकून दिलं, नवीन घेतलं नाही. पहिले दोन आठवडे अझेलाइकने मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, मग थांबलं. दर रविवारी सकाळी आठला स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्याच जागी उभं राहून फोटो काढला. सहाव्या रविवारपर्यंत शून्य फरक, नवऱ्याने तर फोटो बघायचंच सोडलं. नवव्याला उजव्या गालावरचे तीन ठिपके शोधावे लागले. आता डावीकडचा एकच ठळक उरलाय. ओठावरचा वांग आहे तिथेच आहे, थोडा पातळ म्हणता येईल, पण मीच बघते म्हणून.

एक नवीन अडचण आहे. कुरडया घालायला गच्चीवर जाताना सासूबाई माझी सनस्क्रीन लावायला लागल्यात. त्यांना दोन बोटं सांगितली होती, त्या दोन्ही हातांची दोन-दोन धरतात. ट्यूब पंधरा दिवसांत संपली. टिंटवाली, मोठ्या पॅकमध्ये आणि त्यांच्या गव्हाळ रंगाला चालेल अशी मिळते का कुठे?